निळ्या अंकलिपीचे मास्तर : नोआ वेबस्टर

परीक्षेच्या पेपरात 'कलर' या शब्दाचे स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-आर असे लिहिले, तर बाई त्याखाली तांबडी रेघ ओढतात आणि अर्धा गुण कापतात. तोच शब्द घरी संगणकावर बाईंनी शिकवल्याप्रमाणे, म्हणजे 'यू' घालून टाइप केला, तर पुष्कळदा संगणकच त्याखाली तांबडी रेघ ओढतो. दोन्हीकडे रेघ तांबडीच! मग बरोबर कोण, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी घरी विचारला असेल. पालकांनीही त्यावर, बाई सांगतात तसेच लिहावे, असे सांगून विषय मिटवला असेल. सल्ला योग्यच आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही.

या गोंधळाला बऱ्याच अंशी कारणीभूत असलेला माणूस सेनापती नव्हता, राजाही नव्हता. तो एका लहान गावातला शाळामास्तर होता. त्याचे आडनाव आपल्या ओळखीचे आहे, कारण ते जाड इंग्रजी शब्दकोशांच्या पाठीवर छापलेले असते. वेबस्टर हे एखाद्या कंपनीचे नाव असावे, असे पुष्कळांना वाटते. म्हणून या अंकात नोआ वेबस्टर यांच्या आयुष्याची ओळख करून घेऊ.

नोआ वेबस्टर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात, हार्टफर्ड गावाच्या पश्चिम भागात झाला. तेव्हा अमेरिका स्वतंत्र देश नव्हता, तिथे इंग्लंडच्या राजाचे राज्य होते. वडिलांचे नावही नोआच. ते शेतकरी होते. आई मर्सी हिने मुलांना घरीच अक्षरे, हिशेब आणि थोडे संगीत शिकवले. पाच भावंडांतला हा मुलगा शेतात काम करण्यापेक्षा झाडाखाली पुस्तक घेऊन बसण्यात अधिक रमे. वडिलांनी ते ओळखले आणि शेत गहाण टाकून १७७४ साली त्याला न्यू हेवन गावातल्या येल कॉलेजात पाठवले. तेव्हा नोआला सोळावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

कॉलेजचे दुसरे वर्ष लागण्याआधीच स्वातंत्र्ययुद्ध पेटले. १७७५ साली जनरल वॉशिंग्टन न्यू हेवनवरून जाताना कॉलेजच्या मुलांनी मिरवणुकीने त्यांना गावाबाहेरपर्यंत पोहोचवले. त्या मिरवणुकीत नोआ बासरी वाजवत होता. पुढे अन्नधान्याची टंचाई झाली आणि वर्ग दुसऱ्या गावी हलवावे लागले. अशा ओढाताणीत १७७८ साली तो पदवीधर झाला. घरी परतल्यावर वडिलांनी त्याच्या हातावर आठ डॉलरची नोट ठेवली आणि यापुढे आपले आपण पाहावे लागेल असे सांगितले. युद्धकाळातल्या त्या कागदी नोटेची खरी किंमत फारच थोडी उरली होती. तरुण नोआ काही दिवस खोलीचे दार लावून वाचत बसला. वाचत होता ते निबंध होते इंग्लंडच्या डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचे. जॉन्सन यांचा १७५५ सालचा इंग्रजी शब्दकोश तेव्हा सर्वमान्य होता. पुढे याच जॉन्सन यांच्या कोशाशी आयुष्यभर झुंज द्यायची आहे, याची नोआला तेव्हा कल्पना नसावी.

वकिली शिकायची इच्छा होती, पण पैसा नव्हता. म्हणून वेबस्टर यांनी शाळेत शिकवायला सुरुवात केली. शिकवता शिकवता कायद्याचा अभ्यास केला आणि १७८१ साली ते वकील झाले. पण युद्धाच्या दिवसांत अशिलेच नव्हती, त्यामुळे पुन्हा शाळा! त्या शाळा म्हणजे एकच खोली, त्यात सर्व वयांची मुले दाटीवाटीने बसलेली, मध्ये एक शेगडी आणि पाट्या-पुस्तकांची वानवा. जे पुस्तक हाती असे तेही लंडनहून आलेले, डिलवर्थ नावाच्या गृहस्थांचे. त्यात इंग्लंडमधल्या गावांची नावे पाठ करायला दिलेली होती. ज्या राजाशी आपण लढतो आहोत त्याच्याच देशाची गावे आपली मुले घोकतात, ही गोष्ट वेबस्टर यांच्या मनाला लागली.

त्याहून मोठी अडचण शिकवण्याच्या पद्धतीची होती. त्या काळी स्पेलिंग मोठ्याने, तुकडे पाडून म्हणायचे असे. डिलवर्थ यांच्या पुस्तकात तुकडे बोलण्याप्रमाणे पडत नसत. 'क्लस्टर' म्हणजे घोस किंवा झुबका. त्याचे तुकडे 'क्ल' आणि 'स्टर' असे पाडलेले. बोलताना मात्र आपण 'क्लस' आणि 'टर' म्हणतो. शेवटी 'टी-आय-ओ-एन' येणारे शब्द तर मुलांना रडवत. 'नेशन' म्हणजे राष्ट्र, 'मोशन' म्हणजे गती, 'सॅल्व्हेशन' म्हणजे मुक्ती. या सर्वांच्या शेवटी आपण एकच उच्चार करतो, 'शन'. पण पुस्तकात 'टी-आय' वेगळे आणि 'ओ-एन' वेगळे. वेबस्टर यांनी ही चारही अक्षरे एकत्र बांधली. एकदा हा गठ्ठा ओळखता आला की शेकडो शब्द आपोआप वाचता येतात, हे त्यांनी वर्गात पाहिले होते.

१७८२ साली न्यूयॉर्क प्रांतातल्या गोशेन या गावी शिकवत असताना त्यांनी आपले पुस्तक लिहून काढले. १७८३ साली ते हार्टफर्डला छापले गेले. छापण्याची जोखीम त्यांना स्वतःच घ्यावी लागली. पहिल्या पाच हजार प्रती वर्षाच्या आत संपल्या. पुस्तकाचे मूळ नाव लांबलचक होते, पण पुठ्ठ्यावर स्वस्त निळा कागद चिकटवलेला असे, म्हणून लोक त्याला निळ्या पाठीचे पुस्तक म्हणू लागले. आपल्याकडे अंकलिपी जशी घरोघर असते तसे ते झाले. १८९० पर्यंत त्याच्या सुमारे सहा कोटी प्रती खपल्या असाव्यात असा अंदाज केला जातो.

या पुस्तकात शब्द अर्थाप्रमाणे किंवा मुळाक्षरांच्या क्रमाने नव्हते, अक्षरांच्या जोडणीप्रमाणे लावलेले होते. आधी 'बॅड, हॅड, लॅड, मॅड, सॅड' असे एका साच्यातले छोटे शब्द. मग दोन तुकड्यांचे, मग तीन, मग चार. दोन तुकड्यांच्या शब्दांतला पहिला शब्द होता 'बेकर', म्हणजे पाव भाजणारा. मूल 'बेकर'पर्यंत पोहोचले म्हणजे त्याचा पाया पक्का झाला, असे अमेरिकेतले आईबाप एकमेकांना सांगत. आपल्याकडे मूल जोडाक्षरांपर्यंत आले असे आजी सांगते, तसेच हे.

पुस्तक खपू लागले तशी दुसरी काळजी लागली. कोणीही ते परस्पर छापून विकू शकत होता, कारण लेखकाचा हक्क सांगणारा कायदाच देशभर नव्हता. घोड्यावरून आणि जहाजातून प्रवास करत वेबस्टर एकेका राज्याच्या राजधानीत गेले आणि तिथल्या विधिमंडळांच्या मागे लागले. १७८५ साली माउंट व्हर्नन येथे जाऊन ते वॉशिंग्टन यांनाही भेटले. १७९० साली सर्व देशासाठी पहिला कॉपीराइट कायदा झाला, त्यामागे इतर अनेकांबरोबर या शाळामास्तरांची पायपीटही होती. एवढे करूनही त्यांच्या हाती पडत असे ते प्रत्येक प्रतीमागे एका सेंटहून कमी. कोट्यवधी प्रतींचे पुस्तक लिहिणारा हा माणूस जन्मभर पैशाच्या विवंचनेत राहिला.

आता एक गमतीची गोष्ट. १७८३ सालच्या पहिल्या आवृत्तीत वेबस्टर यांनी जुनीच स्पेलिंगे ठेवली होती. एवढेच नव्हे, तर 'ऑनर' आणि 'फेवर' या शब्दांतला 'यू' काढून टाकणाऱ्यांवर त्यांनी टीकाही केली होती! मग मत बदलले कसे? १७८६ साली फिलाडेल्फिया शहरात त्यांची गाठ वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी पडली. विजेच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते फ्रँकलिन. इंग्रजीची सहा अक्षरे काढून टाकून नवी सहा घालावीत, म्हणजे जसे बोलतो तसे लिहिता येईल, अशी एक योजना त्यांनी पूर्वीच आखून ठेवली होती. देवनागरीत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण इंग्रजीत ही कल्पना धाडसाचीच होती. नवी अक्षरे वेबस्टर यांना पटली नाहीत, मूळ विचार मात्र पटला. शिवाय देशात तेरा राज्ये, तऱ्हेतऱ्हेच्या बोली, मधूनच जर्मन आणि डच बोलणारी गावे. सर्वांची मुले एकाच रीतीने वाचू-लिहू लागली तर देश एकत्र राहील, अशी त्यांची धारणा होती. १७८९ साली त्यांनी याविषयीचा ग्रंथ फ्रँकलिन यांना अर्पण केला. न उच्चारली जाणारी अक्षरे गाळली तर सोळा-अठरा पानांमागे एक पान कागद वाचेल, असा हिशेबही त्यात मांडला होता.

लगेच १७९० साली त्यांनी आपल्या निबंधांचा एक संग्रह बऱ्याच अंशी नव्या स्पेलिंगमध्ये छापून टाकला. 'ब्रेड'मधला 'ए' गेला, 'फ्रेंड'मधला 'आय' गेला, 'हेल्थ'मधला 'ए' गेला. उच्चाराप्रमाणे पाहिले तर सारे बरोबर होते. पण लोकांनी ते पान पाहिले आणि ते हसले. शिकलेल्या माणसाने मुद्दाम अडाण्यासारखे लिहावे, तसे ते त्यांना दिसले. पुस्तक खपले नाही, खर्च अंगावर आला. वेबस्टर हट्टी होते, अहंकारीही होते आणि वादात माघार घेणे त्यांना माहीत नव्हते. तरी या फजितीतून ते काही शिकले, हे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते.

१७८९ साली बोस्टनच्या रिबेका ग्रीनलीफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना आठ मुले झाली. १७९३ पासून काही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दैनिक वर्तमानपत्र चालवले, त्यात पुष्कळ शत्रू जोडले आणि १७९८ साली ते न्यू हेवनला येऊन राहिले. न्यू हेवन हे नाव आपल्या वडोदऱ्याला अगदीच परके नाही. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यात ग्रंथालये उभारण्यासाठी ज्या अमेरिकन तज्ज्ञांना बोलावले, ते विल्यम बोर्डन न्यू हेवनमधल्याच एका ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीच्या लोखंडी कपाटांपुढे उभे राहाल तेव्हा हे जरूर आठवा.

१८०० साली वेबस्टर यांनी जाहीर केले की आपण अमेरिकेसाठी शब्दकोश तयार करणार आहोत. वर्तमानपत्रांनी त्यांची खिल्ली उडवली. १८०६ साली सुमारे ३७,००० शब्दांचा एक लहान कोश त्यांनी काढला आणि पुढच्याच वर्षापासून मोठ्या कोशाला हात घातला. त्यांचे टेबल गोलाकार होते. त्यावर निरनिराळ्या भाषांचे कोश आणि व्याकरणे क्रमाने मांडलेली असत. एक शब्द घ्यायचा आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येक भाषेत त्याचा माग काढायचा. यासाठी ते वीसहून अधिक भाषा कामापुरत्या शिकले. हे काम विसाव्या वर्षी सुरू केलेले नव्हते, पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुरू केले होते, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे. खर्च भागेना म्हणून १८१२ साली सारे बिऱ्हाड ॲमहर्स्ट या स्वस्त खेड्यात हलवले. तिथल्या शाळेच्या विश्वस्त मंडळाचे ते अध्यक्ष झाले आणि तिच्यातूनच १८२१ साली ॲमहर्स्ट कॉलेज उभे राहिले. कोशाचे काम अर्धवट असताना शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी आणि दगड-विटांचा हिशेब पाहायला त्यांना वेळ मिळाला कसा, हे आमच्या विश्वस्त मंडळींना अधिक चांगले कळेल.

चरित्र क्षणभर बाजूला ठेवून आता त्या 'यू'कडे वळू. ज्यांच्या शेवटी 'ओ-यू-आर' येते असे शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक लॅटिन घराण्यातले आहेत. 'ऑनर' म्हणजे मान. 'लेबर' म्हणजे कष्ट. 'व्हेपर' म्हणजे वाफ. 'आर्डर' म्हणजे उत्साह, पण मूळ अर्थ जळणे. 'फर्व्हर' म्हणजे उत्कटता, त्याचे मूळ उकळणे. 'रिगर' म्हणजे कडकपणा, मूळ अर्थ ताठरणे. 'क्लॅमर' म्हणजे कल्ला, 'रूमर' म्हणजे अफवा, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता गलबला असाही होता. 'कँडर' म्हणजे मनाचा मोकळेपणा, पण लॅटिनमध्ये तो होता पांढरा शुभ्रपणा. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक पांढरा केलेला झगा घालत, म्हणून त्याच घराण्यातला 'कँडिडेट' म्हणजे उमेदवार. 'ह्यूमर' हा शब्द तर फारच मजेशीर. मूळ अर्थ ओलावा, द्रव. आपल्याकडे वात, पित्त, कफ मानतात, तसे युरोपात शरीरात चार द्रव मानत. त्यांच्या कमी-अधिक प्रमाणाने माणसाचा स्वभाव ठरतो, अशी समजूत होती. द्रवावरून स्वभाव, स्वभावावरून लहर आणि लहरीवरून विनोद, असा त्या शब्दाचा प्रवास झाला.

लॅटिनमध्ये या शब्दांच्या शेवटी 'ओ-आर' होते, 'यू' नव्हता. तो आला फ्रेंचमार्गे. फ्रेंच बोलणारे नॉर्मन राजे १०६६ साली इंग्लंडवर आले आणि त्यांच्याबरोबर हे शब्द नवा वेश घालून आले. मग त्यांच्या देखाव्याला भुलून अस्सल इंग्रजी शब्दांनीही तोच वेश घेतला. 'नेबर' म्हणजे शेजारी, हा मूळ दोन जुन्या इंग्रजी शब्दांचा जोड आहे, जवळ आणि राहणारा. 'हार्बर' म्हणजे बंदर, त्याचे जुने घटक लष्कर आणि आसरा. यांचा लॅटिनशी संबंध नाही, तरी 'यू' चिकटला.

जॉन्सन यांच्या कोशात 'एरर' म्हणजे चूक, 'हॉरर' म्हणजे भीती आणि 'एम्परर' म्हणजे सम्राट, यांतही 'यू' होता. पुढे इंग्लंडच्या लोकांनीच या तिघांतून तो काढला आणि बाकीच्यांत ठेवला. वेबस्टर यांचा मुद्दा नेमका येथे होता. काढायचा तर सगळ्यांतून काढावा, निम्म्यांत ठेवून मुलांना का छळावे? शिवाय 'यू' नसलेले 'कलर' आणि 'ऑनर' त्यांनी शोधून काढले नव्हते. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी छापील पुस्तकांत दोन्ही रूपे सर्रास सापडतात. त्यांतले एक त्यांनी निवडले आणि निळ्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांतून ते लाखो मुलांच्या पाटीवर पोहोचवले.

पण सावध! शेवटी 'ओ-यू-आर' दिसले की 'यू' काढता येतोच असे नाही. 'अवर' म्हणजे तास, 'फ्लावर' उच्चाराचा पीठ या अर्थाचा शब्द, 'फोर' म्हणजे चार, 'टूर' म्हणजे सहल, यांना वेबस्टर यांनी हात लावला नाही. आणि 'ग्लॅमर' हा शब्द अमेरिकेतही सहसा 'यू' घालूनच लिहितात. हा स्कॉटलंडमधून उशिरा आलेला पाहुणा आहे. मूळचा तो 'ग्रॅमर'चाच भाऊ. पूर्वी सामान्य माणसाला व्याकरण जाणणारा म्हणजे मंत्रतंत्र जाणणारा वाटे, त्यातून जादू हा अर्थ आला आणि पुढे झगमगाट. व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

'सेंटर', 'थिएटर', 'मीटर' यांच्या शेवटचे 'आर-ई' त्यांनी उलटवून 'ई-आर' केले. 'एकर' मात्र अमेरिकेतही जुन्या रूपातच आहे. कारण 'सी'च्या पुढे 'ई' आला तर त्याचा उच्चार 'स' होतो आणि एकराचे 'एसर' होऊन बसते. 'म्युझिक' आणि 'पब्लिक' यांच्या शेवटी जॉन्सन 'के' लिहीत. तो वेबस्टर यांनी काढला आणि इंग्लंडमध्येही तो गळून पडला, म्हणून या बाबतीत आपण सगळे वेबस्टर यांच्याच बाजूचे. 'डिफेन्स' म्हणजे संरक्षण, त्यात 'सी'च्या जागी 'एस', कारण 'डिफेन्सिव्ह' लिहिताना सगळे 'एस'च लिहितात. या सर्व बदलांत एक साचा होता. जिथे साचा नव्हता, एकेक सुटा शब्द धरून त्यांनी बदल सुचवला, तिथे लोकांनी ऐकले नाही. 'टंग' म्हणजे जीभ, ती नुसती टी-यू-एन-जी अशी लिहावी, 'एक' म्हणजे दुखणे, ते ए-के-ई असे लिहावे, 'विमेन'मध्ये 'ओ'च्या जागी 'आय' असावा, 'मेडिसिन'च्या शेवटचा 'ई' काढावा, हे सारे त्यांच्या कोशात राहिले आणि तिथेच विरले. आम्हाला वाटते, कान पटला तरी डोळा पटला नाही.

आपल्या घरातही हे घडलेले आहे. आजोबांची जुनी पत्रे काढून पाहा. त्यांत 'नांव', 'गांव', 'कांहीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसतील. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि ते अनुस्वार गेले. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या कुटुंबांत ते आणखी बरीच वर्षे रेंगाळले. काही वडीलधाऱ्यांना 'नाव' लिहिले की पाण्यातली होडीच डोळ्यांपुढे येई.

पुन्हा वेबस्टर यांच्याकडे. १८२४ साली, पासष्टाव्या वर्षी, मुलगा विल्यम याला बरोबर घेऊन ते जहाजाने युरोपला गेले. पॅरिसच्या ग्रंथालयात काही महिने काम केले, मग इंग्लंडमध्ये केंब्रिजला आले. जानेवारी १८२५ मध्ये तिथल्या खोलीत त्यांनी शेवटच्या शब्दाचा अर्थ लिहिला. त्या क्षणी त्यांचा हात इतका थरथरू लागला की लेखणी धरवेना. ते उठले, खोलीत काही वेळ येरझाऱ्या घातल्या, मन शांत झाले. अमेरिकन कोशाचा शेवटचा शब्द इंग्लंडमध्ये लिहिला गेला, हा योगायोगच! तिथे प्रकाशक मात्र कोणी मिळाला नाही.

१८२८ साली अमेरिकेत तो ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. शब्द ७०,०००, प्रती २,५००, किंमत २० डॉलर. ही किंमत म्हणजे मजुराची कित्येक आठवड्यांची कमाई. वेबस्टर सत्तर वर्षांचे झाले होते. (यानंतर तीनच वर्षांनी, १८३१ साली, मुंबईत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला.) शब्दांचे अर्थ सांगण्यात वेबस्टर यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मात्र शब्दांची मुळे शोधण्यात त्यांनी घालवलेली दहा वर्षे जवळजवळ वाया गेली. बायबलमधील कथेवर विश्वास ठेवून सर्व भाषा एकाच प्राचीन भाषेतून निघाल्या असे ते धरून चालले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी आहेत, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ सालीच कलकत्त्यात मांडले होते आणि जर्मन पंडितांनी त्यावर नवे शास्त्र उभारले होते. ते वेबस्टर यांनी मनावर घेतले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६४ सालच्या आवृत्तीत, एका जर्मन विद्वानाकडून ही सारी व्युत्पत्ती नव्याने लिहून घ्यावी लागली.

१८४१ साली दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी घर गहाण टाकले. वडिलांनी शेत गहाण टाकून शिकवलेला मुलगा ऐंशी वर्षांचा होऊन पुन्हा गहाणखतावर सही करत होता. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. न विकले गेलेले छापील कागद आणि हक्क मेरियम नावाच्या दोन भावांनी विकत घेतले. त्यांनी १८४७ साली सारा कोश एका खंडात सहा डॉलरला काढला आणि तो घरोघर गेला.

निळे पुस्तक त्यानंतरही चालूच होते. गुलामगिरी संपल्यावर बुकर टी. वॉशिंग्टन नावाच्या एका मुलाच्या आईने कुठून तरी त्याची एक प्रत मिळवून आणली. आईला स्वतःला अक्षर येत नव्हते, आसपास शिकवणारे कोणी नव्हते. मुलगा त्या पुस्तकावरून एकटाच अक्षरे ओळखू लागला. पुढे त्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी टस्कीगी येथे मोठी शिक्षणसंस्था उभारली. आज अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत मेरियम-वेबस्टर यांचाच कोश प्रमाण मानतात. १९८५ साली बालू नटराजन यांनी ती जिंकली, तेव्हापासून भारतीय वंशाच्या मुलांनी ती अनेकदा जिंकली आहे.

आता राहिला पहिला प्रश्न. संगणकाची तांबडी रेघ वेबस्टर यांची, बाईंची तांबडी रेघ जॉन्सन यांची. आपल्या परीक्षेत इंग्लंडची रीत चालते, तेव्हा 'यू' घाला. संगणकातही भाषा निवडताना ब्रिटिश किंवा भारतीय इंग्रजी निवडली की रेघ नाहीशी होते. एकाच निबंधात वर 'कलर' एका रीतीने आणि खाली 'ऑनर' दुसऱ्या रीतीने लिहिला, तर मात्र दोघेही रेघ ओढतील.